शून्याचा एक करायचा, बस!

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला, शब्दही साधेच आहेत, शाळा लवकर सुटली माझी... पण मला सांगा, शून्याचा एक करायला किती वेळ लागावा? शून्य खोडायचं, एक लिहायचा, बस! एवढ्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती हो!

तुम्हाला सांगतो, मामांचा घरोघर इंटरनेट पुरवायचा धंदा, आणि सगळ्यांचं नेट ज्यातून जातं ते मशीन माझ्या गळ्यात. संध्याकाळ झाली की नेट रांगायला लागायचं, गिऱ्हाइकं फोनवर ओरडायची आणि आमच्याकडे तक्रारी घेणाऱ्या ताईंच्या कानाला आग! "अहो, जावई परदेशातून बोलत होता, तोंड उघडं ठेवून तसाच थिजलाय!" आता जावयाचं तोंड मी कुठून मिटवू? मामा गरजले, "आज नेट पळालं नाही, तर उद्यापासून आत्याच्या दुकानात चपलांची खोकी पूस!" आणि आमची आत्या... जाऊ दे, ती ऐकत असेल.

मग मी शोधलं. मशीनच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, एक दरवान असतो असं समजा. नेटवरून येणारं माहितीचं प्रत्येक पाकीट तो अडवतो आणि कुठलं सोडायचं, कुठलं नाही याचे नियम वाचतो. परक्या भाषेतले! एकेका शब्दाचा अर्थ लावत! दर पाकिटाला पहिल्यापासून! पाकिटं लाखोंनी, दरवान एकटा... तुंबणार नाही तर काय? त्यापेक्षा नियम भरतानाच मशीनच्या मातृभाषेत उतरवून घ्यायचे, की तो तोंडपाठ असल्यासारखा पाकिटं सोडत सुटतो. त्याला म्हणतात जेआयटी. आणि ते चालू कसं करायचं? त्याचा सेटिंगमध्ये एक आकडा असतो... शून्याचा एक करायचा, बस!

केला. नियम पुन्हा भरले. आणि काय सांगू... नेट सुसाट! जावई बोलायला लागला! एकही तक्रार येईना, तेव्हा ताई म्हणाल्या, "अगंबाई, फोन बंद पडला की काय?"

आता इथे थांबावं की नाही माणसाने? शून्याचा एक झाला, बस! पण मामा मागेच उभे. "एकाने एवढं पळतं? मग दोन कर!"

"मामा, पण..."

"पण काय? बोटं दुखतात का? कर दोन!"

मोठ्यांपुढे 'नाही' म्हणायला माझी जीभच उचलत नाही. आणि खरं सांगू, मलाही वाटलं, एकापेक्षा दोन भारीच असणार. केले दोन!

दोन म्हणजे वेग नव्हे हो... बडबड! उतरवलेला प्रत्येक नियम मशीन नोंदींमध्ये ओकत सुटतं. ती सोय जाणकारांना चुका शोधायला ठेवलेली! आमच्याकडे दर गिऱ्हाइकामागे वेगळे नियम... पडद्यावर आकड्यांचा धबधबा, डिस्क गच्च, मशीन ठप्प, जावई पुन्हा थिजला, या वेळी डोळे मिटून! आणि मामा ओरडतात काय? "तीन करून बघ!"

तीन!!

मी गुपचूप एक केला, नोंदी पुसल्या... चालू! मामा ताईंना म्हणाले, "पाहिलंत? तीनची कमाल!" नोकरी वाचली. पण उद्या यांना चार सुचले म्हणजे?

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारातून पंख्याचा जुना रेग्युलेटर आणला आणि मशीनशेजारी भिंतीवर ठोकला. वायर कुठेच जात नाही. म्हटलं, "मामा, वेग आता इथून." मामांनी खटकन पाचवर फिरवला, कान देऊन ऐकलं, मान डोलावली. "पडला ना फरक?"

आता रोज विचारतात... आणि रोज मला "पडला" म्हणावं लागतं.