रंग न दिलेले इंजिन

आदरणीय अध्यक्षा उषाताई पळनिटकर, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे श्री. शरच्चंद्र दिघे, मंडळाचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती श्री. मानसिंगराव जगदाळे, वडिलांना न्यायला बंगळूरहून आलेली त्यांची कन्या अंतरा, आणि जयेंद्रगंजातल्या या सभागृहात वेळेवर आलेल्या व वेळेवर न आलेल्या बंधुभगिनींनो,

सीमंतिनी आठल्ये हिचा आपणा सर्वांना नमस्कार.

मला थोडक्यात बोलायला सांगितले आहे. जिने उभे आयुष्य महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, तिला थोडक्यात बोला म्हणणे हे धाडसच आहे. तरी प्रयत्न करते. मागच्या रांगेत कोणाचा तरी मोबाइल वाजतो आहे. तो बंद करावा.

आधीच्या वक्त्यांनी मानसिंगरावांची वीज मंडळातली नोकरी सांगितली, गणेशोत्सवातली त्यांची रोषणाई सांगितली. सगळे खरे आहे. पण त्यांच्या इंजिनांबद्दल कोणी बोलले नाही. त्याला कारणही आहे. ती इंजिने पाहिलेली माणसे आता फार उरली नाहीत.

तरुण मंडळींसाठी सांगते. आपल्या ग्वाल्हेरातून छोटी लाईन जात असे. अरुंद रूळ, खेळण्यासारखे डबे, आणि टपावर बसलेली माणसे. ती बंद झाली. पण ती बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून हजीरा भागात जगदाळ्यांच्या माडीवर तिची इंजिने तयार होत होती. एवढी. तळहातावर मावतील एवढी. माझे यजमान मधुकरराव आणि हे मानसिंगराव, दोघे मिळून ती करत.

हा छंद काय असतो? विलायतेहून एक चपटी पेटी येते. तिच्यात इंजिन नसते. पितळेचे पत्रे असतात, त्यांवर भागांचे आकार कोरलेले असतात. ते कापायचे, कानशीने घासायचे, वाकवायचे, आणि डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, एकमेकांना जोडायचे. पत्र्याच्या मागून टोचणी दाबून एकेक रिव्हेटचा ठिपका उठवायचा. आपल्या ग्वाल्हेरच्या इंजिनाची पेटी कुठेच मिळत नसे. मग दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाची मागवायची, आणि जुने फोटो समोर ठेवून तिचे आपले इंजिन करायचे. धुराडे बदला, पाण्याची टाकी बदला, दिवा बदला. एका इंजिनाला वर्ष, दोन वर्षे लागत. घरचे लोक विचारत, झाले का? आणि आतून दोन आवाजांत एकच उत्तर येई, "होतंय!"

त्यांची कामे वाटलेली होती. खालचा सांगाडा, चाके, दांडे, मोटर हे मानसिंगरावांचे. वरचे नाजूक काम मधुकररावांचे. दिवे, शिट्टी, नळ्या, केसाएवढ्या कड्या. आठल्ये आमचे पिढीजात देवघरातले. जगदाळे फौजेतले. त्यावरून एकमेकांना बोलल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. मधुकरराव म्हणायचे, "मानसिंग, अरे तुझा हात तलवारीचा. इथे सुई धरायचीय." ते म्हणायचे, "आणि भटा, तुझा पळी-पंचपात्राचा! तुझ्या हाताने चाक बसवलं तर गाडी प्रदक्षिणाच घालत बसेल." मी चहा घेऊन गेले की दोघे गप्प. जणू वर्गात पर्यवेक्षक आला.

त्यांचा एक नियम होता. इंजिन पुरे झाले की लगेच रंग द्यायचा नाही. आधी ते नुसत्या पितळेवर चालवायचे. रंगाखाली सगळे दोष झाकले जातात, म्हणून. घरच्यांना बोलावून, फळीवरच्या रुळांवर ते सोनेरी इंजिन एकदा फिरवायचे, कुठे काय चुकले ते सगळ्यांसमोर पाहू द्यायचे. मग काळा रंग.

आणि काम करण्याची त्यांची एक रीत होती. ती जरा समजावून सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. पितळ उष्णता फार लवकर वाहून नेते. एका टोकाला तापवा, दुसरे टोक चटका देते. इंजिनाचे दिवे आणि शिट्ट्या मात्र पितळेच्या नसतात. त्या एका मऊ, पांढऱ्या धातूच्या ओतीव असतात, आणि तो धातू फार कमी उष्णतेवर वितळतो. म्हणजे दिवा बसवल्यानंतर त्याच्या जवळपास काही जोडायचे असेल, तर दिव्याभोवती भिजलेला कापूस दाबून धरावा लागतो. डाख देण्याचे तापलेले आयर्न एका हातात, जोडायचा भाग दुसऱ्या हातात. मग कापूस कोणी धरायचा? तिसरा हात लागतो. तो नेहमी दुसऱ्याचा असे. मानसिंगराव डाख देत, तेव्हा मधुकरराव कापूस धरत. मधुकरराव देत, तेव्हा मानसिंगराव. बोटे भाजत. कोणी हात काढला नाही.

मधुकररावांचे मूत्रपिंडाचे दुखणे आपणा सर्वांना ठाऊक आहे. डायलिसिसच्या दिवशी ते पडून असत. दुसऱ्या दिवशी हात जरा चाले, तेव्हा मी त्यांना रिक्षाने हजीऱ्याला नेत असे. शेवटचे इंजिन चालू होते. त्याचा दर्शनी भाग त्यांनी पुरा केला. मोठा दिवा, शिट्टी, बाजूचे दोन छोटे दिवे. शिट्टी लावली त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "आता माझं काम संपलं. मानसिंगचं थोडं राहिलंय." त्यानंतर ते माडी चढले नाहीत. दोन वर्षे होतील आता त्यांना जाऊन.

मानसिंगराव तेराव्याला मला म्हणाले होते, "वहिनी, इंजिन मी पूर्ण करतो. पितळेवर चालवायला तुम्हालाच बोलावीन."

मी वाट पाहिली. विचारले की म्हणत, "बस वहिनी, थोडंसंच राहिलंय." दिवाळी गेली. "एक सामान यायचंय वहिनी, रस्त्यात आहे." संक्रांत गेली. आता रसायनशास्त्राच्या प्रयोगवह्या तपासून ज्या बाईचे डोळे गेले, तिला खोटे निरीक्षण ओळखता येत नाही असे यांना वाटले, हे नवल आहे! एका सकाळी मी न कळवता हजीऱ्याला गेले.

टेबलावर इंजिन होते. तोंड भिंतीकडे करून ठेवलेले.

हे म्हणाले, "वहिनी, चहा घेणार ना?"

मी म्हटले, "फिरवा ते."

"वहिनी, मेरी बात तो सुनिए."

"मानसिंगराव, फिरवा."

त्यांनी फिरवले. दिवा नव्हता. दिव्याच्या जागी एक ओघळ होता. शिट्टी आडवी होऊन बाजूच्या दिव्यात मिसळली होती. मला काही विचारावे लागले नाही. पुढचा, डबे जोडायचा आकडा बसवायचा राहिला होता. यांनी एका हातात आयर्न धरले, दुसऱ्या हातात आकडा. कापूस लावला होता, पण धरायला कोणी नव्हते. तो सरकला. आणि डोळ्यांच्या पडद्याचा आजार यांना तेव्हाच सुरू झाला होता. नजरेच्या ऐन मधोमध धूसर होत असे. तो सरकलेला यांना दिसला नाही.

मला राग आला. सभेत सांगायला लाज वाटत नाही, फार राग आला. त्या दिव्यासाठी माझ्या माणसाने काय सोसले होते ते मला माहीत होते. मी म्हटले, "मला का नाही बोलावलंत? कापूस मी धरला असता." हे म्हणाले, "मधूच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसा म्हणायला जीभ नाही वळली, वहिनी."

मी म्हटले, नवे भाग मागवा. तर म्हणतात, "भाग येतील. पण मधूने लावलेले नसतील ना."

आता माझा मुद्दा. श्रोतेहो, यांच्याकडे काळा रंग होता. ओघळ घासून, नवा दिवा चिकटवून, वर रंग दिला असता, तर माझ्या या चष्म्यातून मला जन्मात कळले नसते. मी कौतुक केले असते. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या असत्या. चार महिने इंजिन आणि रंगाची डबी एकाच टेबलावर होती. यांनी डबी उघडली नाही. मला सांगण्याचे धैर्य झाले नाही हे खरे. पण झाकलेही नाही. मी आयुष्यात हुशार माणसे पुष्कळ पाहिली आहेत. झाकण्याची सोय हाताशी असताना न झाकणारी फार थोडी पाहिली.

आता डोळे आणखी गेले आहेत. डाख देणे यापुढे होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. म्हणून अंतरा यांना घेऊन चालली आहे, आणि ती योग्यच करते आहे. माडीवरची हत्यारे वाटून झाली. राहिले ते एक इंजिन. परवा हे ते घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "हे मधूचं आहे, तुमच्याकडे राहू द्या. माझ्या हातून बिघडलंय, मी कोणत्या तोंडाने नेऊ?" मी म्हटले, तुम्हीच न्या. नाही म्हणाले. इंजिन ठेवून गेले. काल फोन केला. नाही म्हणाले. आज सकाळी अंतराकडून निरोप पाठवला. तिने सांगितले, "काकू, बाबा मान ही नहीं रहे."

घरात नाही म्हणता येते. अध्यक्षांसमोर, भरल्या सभेत, सत्कारमूर्तीला नाही म्हणता येत नाही. मी हे भाषण त्यासाठीच स्वीकारले. मंडळाने शाल आणि श्रीफळ दिले. स्मृतिचिन्ह म्हणून तेच इंजिन मी आणले आहे. उषाताईंची परवानगी आधीच घेतली आहे. नाही, मानसिंगराव, हात जोडू नका. माझे बोलणे संपलेले नाही.

माझ्या कपाटात मधुकररावांची बाकीची इंजिने आहेत. काळी, चकचकीत, निर्दोष. मी ती पुसते, बंद करते. त्यांच्यात कुठले काम कोणाचे, ते रंगामुळे मला ओळखता येत नाही. या एकट्यात येते. सांगाडा तुमचा, अंग त्यांचे, आणि पुढचा तो ओघळ तुम्हा दोघांचा. त्यांनी लावला तो धातू अजून तिथेच आहे, फक्त आकार गेला आहे. रसायनशास्त्र यापेक्षा वेगळे काही सांगत नाही. डोळ्यांनी दिसेनासे झाले तरी बोटांना ते कळेल. माझ्या बोटांना कळणार नाही. मी कधी कापूस धरलेला नाही. म्हणून ते माझ्याकडे राहणे चूक आहे. त्याला रंग देऊ नये. पितळ काळवंडेल. काळवंडू द्यावे.

तुम्ही माझ्याकडे क्षमा मागत आला आहात. माफ केले असे मी अजून म्हटलेले नाही, आणि आजही म्हणणार नाही. एकट्या माणसाकडून दोघांचे काम झाले नाही, याला माझ्या शब्दकोशात अपराध म्हणत नाहीत.

मंडळाने मला बोलू दिले, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, आपण सर्वांनी शांतपणे ऐकले, त्याबद्दल सर्वांची आभारी आहे. वर्गात बोलण्याची सवय जात नाही. कोणाला आवाज लागला असेल, सत्कारमूर्तीला दटावणे औचित्याला सोडून झाले असेल, तर वयाकडे पाहून सभेने ते पोटात घालावे.

अंतरा, बाबांचा हात धर, व्यासपीठाची पायरी त्यांना दिसत नाही. या मानसिंगराव. दोन्ही हातांनी घ्या. सोडते आहे हं मी आता. धरलेत?