पाच आठवडे चौऱ्याहत्तर

"हॅलो?… हो, विनताच बोलते. नमस्कार बेबीताई… नाही हो, वजनानं नाही धाप लागली! चार घरं ओलांडून आले ना, छकुलीला कडेवर घेऊन."

राधाबाईंनी आपल्या फोनजवळ स्टूल सरकवलं, पण विनता बसली नाही. एकाहत्तरची लढाई पेटलेली, सगळ्या लाइनी फौजेकडे; नागपूरहून ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस जायचा. एवढी खटपट करून नणंद काही गोड बोलायला फोन करणार नव्हती.

"हे? फॅक्टरीतच. डबल शिफ्ट करून राहिले… आई बऱ्या आहेत… मी? जेवते की! दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी… उपाशी काहून राहीन?… वाळून चालले? आईंनी लिहिलं असं तुम्हाला?… अच्छा."

"नाही, ऐका ना… आठ महिने झाले, ताई. सकाळच्या भोंग्याआधी कॉलनीला दोन चकरा मारते. शहाऐंशी होते, चौऱ्याहत्तरवर आले… मोजते कुठं म्हणजे? बळीरामच्या लाकडाच्या टालीवर. दर रविवारी जळाऊ लाकडाच्या काट्यावर चढते, अन् तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडतो, 'बहनजी, चौहत्तर!'… हसा, हसून घ्या."

"फॅशन?… छकुलीच्या वेळी मला झटके आले, तेव्हा दवाखान्यात तुम्हीच होत्या ना?… मग! बीपी अजून तसंच आहे. डॉक्टरीणबाई तोंडावर म्हणाल्या, अडुसष्टवर या, नाहीतर या पोरीचं करायला दुसरं कोणी शोधून ठेवा… हो, याच शब्दांत."

"आता? आता अडलंय. पाच आठवडे काटा हलत नाही. एक पोळी कमी केली, तरी नाही. परवा तर वाटलं, सोडावं सगळं, आपल्याच्यानं होत नाही… काय?… पुन्हा म्हणा… अंगी लागून राहिलं? काय अंगी लागून राहिलं?… ताई, आईंनी पिठात काय घातलं?"

छकुलीनं फोनची वायर मुठीत धरली. विनतानं एकेक बोट सोडवलं.

"डिंक… तुपात तळून, कुटून… अन् काजूची पूड. तुम्हीच पाठवता… तरीच पोळी एवढी खुसखुशीत! मी म्हटलं, चक्कीवाल्यानं गहू बदलला… मी वेडी इकडे पोळ्या मोजून खाते, अन् तुम्ही दोघी…"

"भल्यासाठी? कोणाच्या?… लोक म्हणतील, सासू सुनेला उपाशी ठेवते? म्हणजे लोकांसाठी मला फुगवायचं! अन् मला पुन्हा झटके आले तर लोक येणार आहेत माझी पोर सांभाळायला?… चढणारच आवाज! राधाबाईंनी ऐकलं तर ऐकू द्या. पाच आठवडे मी स्वतःलाच शिव्या दिल्या, ताई. नळ सोडून रडले. ह्यांना म्हटलं, माझ्यात जिद्दच नाही… अन् जिद्द होती! तुमच्या डिंकासकट मी चौऱ्याहत्तरवर टिकले, कळतं का? एक छटाक वाढू दिलं नाही!"

"आईंवर नका ढकलू. पुड्या कोणी पाठवल्या?… त्यांच्याशी आजच बोलते. समोर बसून बोलते, तुमच्यासारखं पाठीमागून नाही. अन् आजपासून कणीक मी मळणार… सांगा ना भावाला, खुशाल सांगा! तेच उठवतात मला चकरांसाठी… नको, संक्रांतीचं नको, पुढच्या दिवाळीचंही नको. तुमच्या घरून काही खायचं येणार नाही इथे… काय म्हणता, ऐकू नाही येत… कोण मध्येच?…"

"हां जी, ऑपरेटर साहब. सुन रही हूँ… तीन मिनट हो गए?… दीदी और तीन मिनट माँग रही हैं?"

विनतानं छकुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"नहीं जी. इधर से बात हो गई. लाइन फौज को दे दीजिए."

अन् तिनं रिसीव्हर ठेवून दिला.