गोरक्षभाऊंचा भज्यांचा गाडा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय कुशाबाअण्णा, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, कळंबहून आलेली पाहुणेमंडळी आणि तळणीच्या वासाने सारखं मागे वळून बघणाऱ्या समस्त ओतूरकर बंधुभगिनींनो,

आमच्या शाळेचे शिपाई गोरक्षभाऊ आज निवृत्त होत आहेत. इतकी वर्षं त्यांनी घंटा दिली की शाळा सुटायची. आज भाऊंचीच शाळा सुटली. पण घरी बसणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांना भज्यांचा गाडा टाकायचाय. आता भाऊ भजी कशी करतात, हे मी या गावाला सांगायला हवं का? प्रश्न भज्यांचा नाहीच. प्रश्न हा, की गाडा लावायचा कुठे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी इथेच, बाजाराच्या दिवशी, लावून पाहिला. गर्दी तुटून पडली. पण ओतुरात भाऊंना परकं कोण? कुणी चुलता, कुणी भाचा, उरलेले शाळेचे माजी विद्यार्थी. "आपलाच गाडा हाय राव!" म्हणत जो तो तोंड पुसून चालता झाला. अध्यक्ष महोदय, आपणही तेव्हा पुडा बांधून नेलात, आणि वर 'मिरची कमी हाय' असा निरोप धाडलात. राग नसावा. संध्याकाळी गल्ल्यात सदऱ्याचं एक बटण सापडलं, तेही भाऊंचंच.

मग आली कळंबची जत्रा. कळंब म्हणजे भाऊंच्या मंडळींचं, हिरावहिनींचं माहेर. वहिनींनी हट्टाने तिथे गाडा लावायला लावला. भाऊंनी कढई चढवली मात्र, एकच कालवा! गावचा जावई आणि भजी तळतोय? "पावणं, तुमी बसा बरं!" म्हणत एकाने झारा काढून घेतला, दुसरा कांदा चिरायला बसला, कुणी पळत जाऊन खुर्ची आणली. आणि जावयाचं फुकट खाऊन पाप कोण घेणार? सासरेबुवांनी तर आधी पैसे दिले, मग भज्याला हात लावला. भाऊ टोपी सावरत नुसते पैसे घेत बसले. एक घाणा पार करपला, पण तोही संपला. जावई रुसला म्हणजे?

तुम्ही म्हणाल, मग घोडं अडलं कुठे? अब्रूपाशी! "सासुरवाडीत गाडा लावला तर लोक घरजावई म्हणतील," या एका धास्तीने भाऊंना घास गोड लागेना. परवा आमच्यादेखत वहिनी कडाडल्या, "घरजावई फुकाट खातो! तुमी तर समद्या गावाला इकत खाया लावलं. लाज कसली वाटती?" तरी आत्ता हार घालून घेतानाही भाऊंचं काही ठरलं नव्हतं.

मंडळी, मघाशी तुमच्या हातात आली ती भजी भाऊंनीच तळलेली. कुणी विचारलं, पैसे किती? मीही नाही विचारलं, दोनदा घेतली. विचारलं एकाच माणसाने. ते बघा, वहिनींचे बंधू म्हस्कू, भाऊंच्या हारात नोट खोचतायत! आणि भाऊ हसतायत. काय भाऊ, ठरलं? कळंब? बघा, मान हलवली! वाजवा टाळ्या, हात तेलकट असले तरी चालतील.

तोंडात भजी असल्यामुळे का होईना, आपण मला शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर लेकरू समजून सांभाळून घ्या. आणि कळंबला गाड्यावर गेलात, तर एवढं करा: त्यांना भाऊ म्हणू नका. पावणं म्हणा!