आठच्या आठ दिवे लागले होते!

नाही, पण मला एक सांगा, दिवे लागले होते की नाही? लागले होते! एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ... आठच्या आठ, हिरवेगार, एकापाठोपाठ एक, शाळेतली पोरं प्रार्थनेला निघाल्यासारखे! मग माझं चुकलं कुठं? तरी घरात जो येतो तो मलाच बोलून जातो. बरं, तुम्ही तिऱ्हाईत माणसं, तुम्हीच ऐका आणि तुम्हीच काय तो न्याय करा.

त्याचं असं झालं, हिची मुलाखत होती. हिची म्हणजे आमच्या मंडळींची. मुलगी झाली तेव्हा हिनं हिशोबाची चांगली नोकरी सोडली, आता मुलगी हॉस्टेलवर गेली, आणि दिवसभर भिंतींकडे आणि रात्री माझ्याकडे बघून ही कंटाळली असणार, म्हणाली, पुन्हा नोकरी करते. कर की! मी कधी नाही म्हटलंय? चार ठिकाणी अर्ज केले, तिघांनी "मधली इतकी वर्षं काय करत होता?" असं विचारून वाटेला लावलं, हे चौथं. बिचारी रात्री झोपेत ताळेबंद पुटपुटायची हो! काम घरून, मुलाखतही घरूनच, कॉम्प्युटरवर, मंगळवारी दुपारी चारला.

मंगळवार! म्हणजे माझ्या सुट्टीचा वार. मी बुटांच्या दुकानात आहे, आमचं दुकान मंगळवारी बंद. आणि ही म्हणते, "अहो, त्या दिवशी बाहेरची खोली मला लागेल हं. इंटरनेटचा डबा तिथं आहे, मागच्या खोलीत नेट पोचत नाही." बाहेरची खोली! तुम्हाला सांगतो, बाहेरच्या खोलीत माझा सोफा आहे, सोफ्यासमोर टीव्ही आहे, आणि मंगळवारी चारला टीव्हीत मॅच आहे. आता मी काही स्वार्थी माणूस नाही... पण शांतपणे विचार नको करायला? बाहेर बेल वाजते, कुरियरवाला येतो, मुलाखतीला शांतता नको? मी म्हटलं, "तू मागच्या खोलीत निवांत बस, मी डब्यापासून तिथपर्यंत वायर ओढून देतो. खास तुझ्यासाठी!" ही म्हणाली, "मग वायरवाल्याला बोलवा." वायरवाल्याला? का? माझे हात काय केळी खायला गेलेत?

मदतीला कोण, तर हिचा धाकटा भाऊ. ऑफिसात तो कॉम्प्युटरच्या शेजारी बसतो, एवढ्यावर आमच्याकडे त्याला तज्ज्ञ मानतात. आला सकाळीच, वायरचं भेंडोळं, टोकांना लावायच्या पारदर्शक टोप्या, त्या दाबायची पक्कड, आणि ते यंत्र घेऊन. यंत्र म्हणजे टेस्टर हो! दोन तुकडे असतात त्याचे. वायरचं एक टोक मोठ्यात खुपसायचं, दुसरं धाकट्यात, बटण दाबलं की दोन्हीकडे दिवे पळायला लागतात. वायरच्या पोटात बारीक बारीक आठ तारा, म्हणून दिवे आठ. एखादा लागला नाही, तार तुटली. क्रम चुकला, तारा उलटसुलट झाल्या. संपलं! इतकं सोपं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि इतकं दगाबाजही.

आता त्या आठ तारा. चार रंग, प्रत्येक रंगाची जोडी, एक तार भर रंगाची, एक पांढरी आणि तिच्यावर त्या रंगाचा पट्टा. किती छान! मेहुण्यानं मोबाइलवर चित्र शोधून काढलं, टोपीत तारा कशा बसवायच्या त्याचं. बघतो तर काय, नारिंगी जोडी शेजारी शेजारी, तपकिरी जोडी शेजारी शेजारी, आणि हिरवी? हिरवीची जोडी फोडलेली! एक इकडे, एक तिकडे, आणि मध्ये खुशाल निळे नवरा-बायको बसलेत!

मी म्हटलं, "हे काय?"

"चित्रात असंच आहे, दाजी."

"चित्रात गाढवाला शिंगं असतील, तू लावशील?" अहो, सारा जन्म माझा जोड्या लावण्यात गेला! आमच्याकडे डावा बूट एका खोक्यात आणि उजवा दुसऱ्यात गेला, तर मालक आधी खोकं फेकतो आणि मग आम्हाला. डोळ्यांदेखत जोडी फुटलेली मला बघवत नाही, हो! मी सगळ्या जोड्या नीट जुळवल्या, पांढऱ्या-हिरवीशेजारी हिरवी, पांढऱ्या-निळीशेजारी निळी, आणि दोन्ही टोकांना अगदी तंतोतंत सारख्या. मेहुणा हळूच म्हणाला, "पण दाजी..." मी म्हटलं, "यंत्र आहे ना? यंत्र सांगेल!"

मग यंत्र लावलं. मी मागच्या खोलीत, तो बाहेरच्या, मध्ये स्वयंपाकघर, म्हणजे सगळा कारभार ओरडून. "एक!" तिकडून "एक!" "दोन!" "दोन!" "तीन!" "तीन!" "चार!"... शांतता. "अरे, चार!" "चार नाही दाजी, तीननंतर एकदम पाच!" कापा टोपी, सोला तारा, लावा पुन्हा. पुन्हा "एक!" "एक!" तोवर वरच्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून, "शाब्बास! श्वास सोडा, श्वास! आठवर का थांबता, वीसपर्यंत जा की!" त्यांना वाटलं आम्ही व्यायाम करतोय.

पण लागले हो! तिसऱ्या खेपेला लागले! आठच्या आठ! मेहुण्यानं टाळी दिली, मी हिला हात धरून आणून दाखवले. ही बघून म्हणाली, "छान. पण एकदा नेट लावून बघू या का?" मी म्हटलं, "यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं? दिवे लागलेत! जा, साडी नेस!"

चार वाजले. ही मागच्या खोलीत, दार बंद. मी सोफ्यावर, शेजारी मेहुणा, टीव्हीचा आवाज बंद करून... बघा, माझा त्याग! आणि पाचच मिनिटांत आतून हाक, "अहो! साहेबांचं तोंड उघडंच राहिलंय!" मी म्हटलं, तुझी हुशारी बघून राहिलं असेल. "अहो, हलत नाहीत ते! आवाज तुटतोय!" मी बसल्या जागेवरून ओरडलो, "शक्यच नाही! आठच्या आठ लागलेत!"

दार उघडलं. तुम्हाला सांगतो, ही कॉम्प्युटर कडेवर घेऊन अशी आली, डोळ्यांत पाणी आणि पाण्यामागे जाळ. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "काय दिवे लावलेत ते दिसलं. उठा." मी उठलो. कोणीही उठला असता! मेहुण्यानं डब्याबरोबर आलेली हातभर वायर शोधून दिली, आणि देता देता तिच्या टोपीतून आरपार बघत भसाड्या आवाजात म्हणाला, "दाजी, हिच्यातही हिरवी जोडी फोडलीय... चित्रातल्यासारखीच! नेट तिसरी आणि सहावी तार जोडी धरून जातं, आपण तिथं दोन वेगळ्या जोड्यांतल्या तारा बसवल्या. म्हणजे आपलं दोन्हीकडे चुकलं, आणि दोन्हीकडे तेच चुकलं. टेस्टर बिचारा एवढंच बघतो, इकडची पहिली तिकडे पहिलीच निघते का. त्याला काय कळणार?"

आणि तेवढ्यात साहेब हलले! स्पष्ट दिसले, स्पष्ट ऐकू आले, आणि त्यांना काय दिसलं? सोफ्यावर ही, आणि हिच्या मागे बनियनवर मी, हातात टेस्टर!

"मॅडम, मागे कोण आहेत?"

ही मागे न बघताच म्हणाली, "ते... वायरवाले."

वायरवाले! लग्नाचा नवरा मी! मी खाली वाकून रांगत टीव्हीच्या आड गेलो.

मग साहेबांनी विचारलं, "इतकी वर्षं काम सुटलंय तुमचं. समजा, ताळा जुळला, दोन्ही बाजू सारख्या आल्या. हिशोब बरोबर आहे म्हणून सही कराल?" आधीच्या तिघांपैकी एकानं हेच विचारलं होतं, तेव्हा ही गडबडली होती. मी टीव्हीआडून एक डोळा बाहेर काढला. आणि ही? ही हसली! म्हणाली, "नाही करणार, सर. दोन्ही बाजूंना एकच चूक केली की ताळा जुळतोच. मघाशी तुम्हालाही मी तोंड उघडं टाकून बसलेली दिसले असेन ना? ते त्यामुळेच. आमच्या वायरवाल्यांनी दोन्ही टोकांना मनापासून एकच चूक केली, आणि यंत्र म्हणालं, सगळं ठीक!" साहेब असे हसले, असे हसले, की मला आधी वाटलं पुन्हा नेट अडकलं.

मिळाली! नोकरी मिळाली! मिठाई मीच आणली, रडलोही मीच, हिनं पाहिलं नाही म्हणून बरं.

पण पुढचं ऐका. आता रोज बाहेरच्या खोलीचं दार बंद. सोफा आत, टीव्ही आत, ही आत. मंगळवारी मी मागच्या खोलीत, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, शिंक आली तरी उशीत तोंड खुपसून शिंकायचं. मेहुण्याकडून हिरवी जोडी फोडून घेतली, टोकाला मोबाइलसाठी छोटा वाय-फायचा डबा बसवला, यंत्र नंतर, आधी नेट लावून पाहिलं, काय सुंदर चालतं! धावत जाऊन हिला म्हटलं, "अगं, झाली बघ वायर नीट! आता तू मागे बस, मी पुढे येतो."

ही मान वर न करता म्हणाली, "राहू दे. मोबाइलवर मॅच बघा तिथंच. तुमच्यासाठीच तर ओढलीय ती वायर."

बघतो मागेच. दिसतं तसं... लहान दिसतं.