धाकटीची मुलाखत

—मान हलवू नका हो मॅडम, कलप कानावर उतरेल, आणि कानाला लागलेला कलप लवकर जात नाही. उद्या तुम्ही वॉर्डात राउंड घ्याल आणि पोरी गालातल्या गालात हसतील. तशाही हसतात म्हणा. तुम्हाला काय वाटलं, धाकानं गप्प असतात? आम्ही तुम्हाला इस्त्री म्हणायचो. कडक आणि गरम. वाईट अर्थानं नाही हो—बरं, वाईट अर्थानंच. हो, मीच ती, नर्सिंग मधेच सोडून पळालेली. मगाशी आरशात ओळखलंत मला, बघितलं मी, पण तोवर अर्धं डोकं माखून झालं होतं—आता या अवतारात उठून जाणार कुठे? बसा. रंग मुरायला वेळ लागतो. पार्लरच्या ताई जेवायला गेल्यात, दुसरं गिऱ्हाईक नाही. कॉलेजात तुम्ही बोलायचात आणि मी मान हलवायचे, आज तुम्हाला मानही हलवता येत नाही. मजा आहे की नाही?

इथे काय करते म्हणजे? डोकी धुते, रंगवते, कापते. गिऱ्हाइकं पेशंटसारखीच असतात—कुरकुर तीच, फक्त मरत नाहीत. ते जाऊ दे. उद्या तुमच्याकडे प्रवेशाच्या मुलाखती आहेत ना? कसं कळलं काय—अहो, माझी धाकटी बहीण येतेय. सख्खी. तुमच्या टेबलासमोर बसेल, दोन वेण्या घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. दिसते माझ्यासारखीच, फक्त तोंड कमी चालतं. तिला घेऊ नका. एवढंच मागणं आहे माझं. वजन कमी आहे म्हणा, अक्षर वाईट आहे म्हणा, काहीही सांगा—पोरींना नाही म्हणायची कारणं तुम्हाला कुणी शिकवायला नकोत.

का म्हणजे? तुमचा तो प्रश्न. मला विचारला होतात, 'घरात कुणा आजारी माणसाचं केलंयस का गं कधी?' काय गोड आवाज लावला होता! आणि मी येडी, छाती फुगवून सांगत बसले—नऊ वर्षांची असल्यापासून करतेय मॅडम, आईचं सगळं मीच बघते. आई आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि उठली की हाताला येईल ते भिरकवायची. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मी भांड्यांचा आवाज ऐकायचे. भांडं ठेवल्यासारखं वाजलं तर शाळा. आपटल्यासारखं वाजलं तर धाकटीला उचलायची आणि जिन्याखाली जाऊन बसायचं. बाप? बापानं बाहेरगावी बदली मागून घेतली. मिळालीसुद्धा! आता तिकडून फोनवर उपदेश पाठवतो—आईला सांभाळा, ती मनानं वाईट नाही. इतक्या लांबून कुणीच वाईट दिसत नाही हो. आणि मावशी यायची, पोटभर खायची, माझ्या गालावरून हात फिरवायची—'किती गुणाची पोर गं, सगळं एकटीनं बघते'—आणि अंधार पडायच्या आत निघून जायची. एकदा गुणाची पोर म्हटलं की मोठी माणसं मोकळी. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही शेजारच्या सरांकडे बघून मान डोलावलीत. चांगला टणक टोमॅटो सापडल्यासारखी.

मला वाटलं, पसंत पडले. पडलेच होते की! कशासाठी ते वॉर्डात कळलं. ज्या पोरींना घरून 'जेवलीस का' म्हणून फोन येतो, त्या पहिल्याच महिन्यात रडतात, आणि त्यांचे वडील येऊन तुमच्या टेबलावर हात आपटतात. आमच्यासाठी कोण येणार होतं आपटायला? म्हणून शिव्या देणारा, अंगावर धावणारा पेशंट आला की तुमची हाक ठरलेली—'त्या खमकीला पाठवा.' खमकी मी. नाहीतर हॉस्टेलात माझ्या खोलीत राहणारी टिटवी—आम्हीच ठेवलेलं नाव—तीही तसल्याच घरातली. तुम्ही निवडूनच आणलं होतंत आम्हाला. एकदा हाडांच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यानं लघवीचं भांडं फेकलं—मी खाली वाकले, भांडं डोक्यावरून गेलं, हातातला इंजेक्शनचा ट्रे तसूभरही हलला नाही. अख्खा वॉर्ड हसला. तुम्ही पाठ थोपटलीत, 'पाहा, हिला काही शिकवावंच लागत नाही.' खरंय मॅडम. शिकवून झालं होतं.

आणि ते श्वासवाले सर! पोरी थकल्यात म्हणून बोलावलं होतंत. सुट्टी देण्यापेक्षा सर बोलावणं सोपं. 'मेणबत्ती विझवताय, असा श्वास सोडा'—रात्रपाळी करून आलेल्या निम्म्या पोरी तिथेच घोरायला लागल्या, तर सर खूश, म्हणे पाहा, किती लवकर गुण आला! मग म्हणाले, डोळे मिटा आणि लहानपणची सगळ्यात सुरक्षित जागा आठवा. टिटवी माझ्या कानात म्हणाली, 'माझी तर शाळेचा संडास गं. आतून कडी होती.' मी एवढी हसले, एवढी हसले की तुम्ही मला बाहेर काढलंत. व्हरांड्यातही हसतच होते. नंतर नंतर ते हसणंच होतं की दुसरं काही, ते नाही सांगता येत. थांबा, कपाळावर ओघळ आलाय. हं. पुसला.

मग ती खिडकीजवळच्या खाटेवरची आजी. सगळ्या वॉर्डात ती एकटी मला विचारायची, बाळ, पाय दुखतात का गं तुझे? ती गेली तेव्हा मीच जवळ होते. डोळे मिटले, हात सरळ केले, आणि माझ्या डोक्यात काय? तर राउंडच्या आत चादर बदलून होईल का. बस. आत काही हललंच नाही. घाबरले हो मी. एवढी घाबरले की जिने चढून थेट तुमच्या खोलीत आले, म्हटलं, मॅडम, मला काहीच वाटत नाहीये, कुणाचंच, किती महिने झाले—आणि तुम्ही चहा पीत होतात, मान वर न करता म्हणालात, 'छान. आता तू नर्स झालीस.' मी खाली आले, फाटकाबाहेर पडले, आली ती बस पकडली. अंगावर युनिफॉर्म, खिशात थर्मामीटर. तो अजून आहे माझ्याकडे, हवा असला तर घेऊन जा. तुम्हाला वाटलं असेल, काय माजलीये पोरगी. माझी आई अशीच पडून राहायची मॅडम, भिंतीकडे बघत, कसलंच काही न वाटून. त्याची सुरुवात कशी दिसते, ते मला माहितीये. मला ते तुमच्या चादरी बदलता बदलता व्हायचं नव्हतं.

काय? नाही, घरी नाही गेले. इथेच राहते, वरच्या माळ्यावर. घरी जाऊन काय करू? आईचं—आईचं आता धाकटी बघते. अहो, असं आरशातून बघू नका माझ्याकडे. बोलते की मी तिच्याशी, रोज फोन करते. म्हणजे—ती करते. हळू आवाजात. जिन्याखालून. एवढी ताडमाड वाढली, तरी मावते म्हणे अजून, गुडघे दुमडून. परवा विचारत होती, 'ताई, हॉस्टेलच्या दाराला कडी असते ना गं?' म्हटलं, असते. असतेच ना! खोटं कशाला बोलू? पहिल्या रात्री मी तुमच्या त्या पोपडे उडालेल्या खोलीत अशी झोपले होते, की सकाळी टिटवीनं नाकापुढे बोट धरून बघितलं. जन्मात पहिल्यांदा भांड्यांकडे कान नव्हता माझा. तेव्हा वाटलं होतं, सुटले.

तो प्रश्न नका विचारू. कळला मला, पुन्हा नका विचारू. मग कुठे जाईल म्हणजे—कुठेतरी जाईल. इथे येईल माझ्याकडे, माळ्यावर—नाही, पार्लरच्या ताई नाहीत ठेवणार, मलाच उपकार म्हणून ठेवलंय. दुसरं कॉलेज बघेल—तिथेही टेबलामागे कोणीतरी इस्त्री बसलेली असणारच. नाहीतर—

नाहीतर काही नाही.

घ्या तिला. ऐकलंत ना? मगाशी बोलले ते सगळं सोडा. घ्या. तुम्ही विचाराल आणि तीही सांगेल, मी शिकवून पाठवलं तरी सांगेल, छाती फुगवून, कारण तेवढी एकच गोष्ट तिला येते असं तिला वाटतं. तर तेव्हा मान डोलवू नका. तिला म्हणा, बरं झालं सांगितलंस, इथे ते करावं लागणार नाही. खोटं असलं तरी म्हणा. ओरडणाऱ्या पेशंटकडे दुसरी पोरगी पाठवा, जिचे वडील टेबल आपटतात ती. येऊ देत त्यांना, आपटू देत. हिच्या अंगावर भांडं आलं तर ती वाकेल, आणि सगळे हसतील, तेव्हा तुम्ही हसू नका. ती रडली तर खमकी-बिमकी म्हणून गप्प करू नका. आणि आईचं कोण बघेल, ते तर तोंडातून काढूच नका. मावशी आहे, बाप आहे, बघू देत. त्यांनीही ऐकावं एकदा, भांडं ठेवल्याचा आवाज कसा असतो आणि आपटल्याचा कसा.

नको, उत्तर नको. रंगवलेल्या डोक्यानं माणूस काहीही कबूल करतो. चला, उठा, ताई आल्या वाटतं. इकडे बेसिनपाशी—मान मागे टाका. डोळे मिटा. पाणी गार आहे. आणि बोलू नका आता, तोंडात जाईल.