मेण उतरवायचं राहिलेलं अंडं

—नाही नाही, कपाट उघडू नकोस, आधी काचेतूनच बघ—हात गार आहेत तुझे, आत्ताच अंगणातून आलीस ना. गार हात लागला की अंड्यांना घाम सुटतो आणि रंगावर डाग पडतात. बस तिथं. तो मुरंबा खा, आंबट चेरीचा आहे, वर पाणी पी. गाव्रिल नाही येत आत? नाही यायचा. बसू दे फाटकाशी गाडीत. माझ्या लेकीला, डोम्निकाला, या घरातून मातीला नेलं, त्या दिवसापासून या उंबऱ्याच्या आत पाय नाही टाकला त्यानं. आणि आज बायकोला पाठवलंय. नव्या. तुला लागावं म्हणून नाही हं बोलत मी, सावेता. जावई होता माझा, माणूस चांगला आहे, पोरीला, इलिंकाला, आई हवीच होती. आणि तू मला मावशी म्हणालीस ते बरं केलंस. आई म्हणाली असतीस तर मुरंबा नसता मिळाला. हसलीस? हस, हस. या घरात कुणी हसलं की बरं वाटतं.

तर तू काय विचारत होतीस—हां, कपाटाच्या पाठीला भोकं कशाला पाडलीत. अगं, मोठी गंमत आहे ती. माझा तोआदेर सुतार, देव त्याला विसावा देवो, त्यानं मला लग्नानंतर हे कपाट करून दिलं. काच अशी घट्ट बसवलेली, चारी बाजूंनी लांबी भरून, की आत धूळ काय, मुंगीसुद्धा जायची नाही. आणि ठेवलं कुठं? त्या दक्षिणेच्या खिडकीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून—तेव्हा मिरवायची हौस होती ना मला. उन्हाळा तापला आणि एक दिवस फट्! एक अंडं फुटलं, त्याच्यापाठोपाठ शेजारचं. आणि नेमके तेव्हाच पाद्रीबाबा घरात पवित्र पाणी शिंपडायला आलेले. बिचाऱ्यांनी नाक दाबूनच आशीर्वाद दिला, एका हातात क्रूस, एका हातात नाक. तेव्हा पाडली ती भोकं. तेव्हापासून उन्हात ठेवत नाही, कोंडत नाही, एकाला दुसरं टेकू देत नाही. ती लाकडी कडी दिसतायत ना, एकेका अंड्याखाली? तोआदेरनंच केली सगळी. आणि वरची बाजू खाली, खालची वर, अशी फिरवत राहायची, नाहीतर आतलं एकाच अंगाला बसतं. टोपलीतल्यांना कोरडा भुसा. बस, एवढंच. बाकी काही विद्या नाही त्यात.

बाजारात विकतात ती पोकळ असतात. सुईनं भोक पाडतात, फुंकून आतलं काढून टाकतात. माझ्याकडे तसलं एकही नाही. भोक पाडलं की ते टरफल झालं, अंडं कुठलं! भरलेलंच हवं. वर्षानुवर्षं आतलं सुकत जातं, सुकत जातं, मग आत एवढीशी गोटी होते—हे घे, कानाशी धर. हळूच हलव. वाजली? ती साफ्ताची सासू. म्हणजे तिनं लिहिलेलं ते—आम्ही अंडं रंगवलं नाही म्हणत, लिहिलं म्हणतो. साफ्ता माझी नणंद, पलीकडच्या घरात असते. आणि हे निळं, हरणाची शिंगं लिहिलेलं, ते चक्कीवाल्याच्या आईचं. तिचा आवाज बारीक, जिवंत होती तेव्हाही बारीकच होता. ही सगळी मी मागून मागून जमवलेली. ईस्टर आला की दारोदार जायचे, एक माझं द्यायचे, एक त्यांचं आणायचे. आता त्या बायका गेल्या सगळ्या, अंडी आहेत. चूल पेटली की लाकूड तापतं, मग कपाटात टक, टक, असं चालतं. पूर्वी दचकायचे. आता म्हणते, हो गं बायांनो, आहे मी. साफ्ता मला तोंडावर म्हणते, वार्वारा, तू अंडी नाही साठवत, बायका साठवतेस.

हं. घड्याळाकडे बघू नकोस. कळतंय मला. मी मुद्दाम पाल्हाळ लावलंय हे तुलाही कळतंय, शहाणी आहेस. इलिंकाला तिच्या आईनं लिहिलेलं अंडं हवंय, म्हणून आलीस ना? तसं लग्नाच्या आधी लिहायची ती, पण सगळी वाटून टाकायची—हात सढळ पोरीचा. राहिलंय ते एकच. आणि ते त्या कपाटात नाही.

तू शहरातली, तुला माहीत नसेल. आधी मेणानं रेघ लिहायची, मग पिवळ्या रंगात बुडवायचं. पुन्हा मेण, मग तांबड्यात. पुन्हा मेण, शेवटी काळ्यात. मग मेणबत्तीच्या बाजूला धरायचं—वर नाही, बाजूला—मेण पाझरलं की फडक्यानं पुसायचं, आणि तेव्हा कुठं कळतं काय लिहिलंय ते. तोवर नुसता काळा खडबडीत गोळा. डोम्निका तिथंच बसली होती, आत्ता तू बसलीयेस ना तिथं—नको, उठू नकोस, बस गं. ईस्टरच्या आधीचा गुरुवार. इलिंका या जमिनीवर रांगत होती. मी पिठात हात घालून, पास्काची, ईस्टरच्या गोड पावाची, कणीक मळत होते. काळ्या रंगातून अंडं काढलं तिनं, पुसलं, आणि म्हणाली, आई, डोकं फार ठणकतंय गं, जरा आडवी होते. याचं मेण मीच काढणार, तू हात लावायचा नाहीस. लाडात म्हणाली. मला खोड होती ना, तिची अंडी तिच्याआधी बघायची. मी म्हटलं, जा गं, नाही लावत. कणीक फुगून वर यायच्या आत ती गेली. डॉक्टर म्हणाले डोक्यातली नस फुटली, कुणी काही करू शकलं नसतं. मी अजून हात धुतले नव्हते.

तेव्हापासून ते तसंच आहे. खाली काय लिहिलंय, देवाला ठाऊक. सगळे म्हणाले, काढ मेण, बघ तरी पोरीची शेवटची रेघ. कशी काढू? मी म्हटलं होतं ना तिला, नाही लावत. ती उठून आली तर काय सांगू? अशी बघू नकोस. मला कळतं, मेलेली माणसं उठत नाहीत. पण मग ते अंडं जड का? बाकीची सगळी हलकी होत गेली, त्याच ईस्टरला मी लिहिलेली, त्याच कोंबडीची, आता पिसासारखी लागतात. हे मात्र आज घातल्यासारखं जड. रोज घेते मी हातात, रोज थोडं जास्तच. साफ्ता म्हणते, मेणानं छिद्रं बुजली, आतली ओल जायला वाट नाही. असेल. पण ऊब कुठून येते? ठेवते ती पेटी गार, भोवतीची लोकर गार, आणि हे कोंबडीखालून काढल्यासारखं ऊन. आणि हातात घेतलं की ती आडवी झाली होती त्या पलंगाची फळी वाजते, कूस बदलल्यासारखी. आई, मेणाला हात लावलास? नाही गं, म्हणते मी. मोठ्यानं म्हणते. रस्त्यावरून जाणारे ऐकतात, पावलं उचलतात.

पण तुला सांगितलं कुणी या अंड्याचं? मी तर कुणा परक्याला—गाव्रिलनं? त्याला आठवतंय ते? ...काय म्हणालीस? रडला? इलिंकाला सांगताना? गाव्रिल?

थांब. थांब जरा. पेटी उघडते.

हे बघ. ओंजळ कर. गार असू देत हात, याला डाग पडायला रंग कुठं दिसतोय अजून. हळू—दचकशील, एवढं जड आहे. धरलंस? सांग आता. आहे ना?

सांग ना. मान काय हलवतेस, तोंडानं बोल.

...

हलकं?

नीट धर. डोळे मिट नि धर. तुझे हात गारठलेत म्हणून तुला कळत—नाही? अजिबात नाही? आणि ऊन? ऊनही नाही.

नाही, खोटं नाही बोलत आहेस तू. तुझ्या डोळ्यांत पाणी आहे, खोटं बोलणारीच्या नसतं. बाकीच्यांसारखंच आहे म्हणतेस. म्हणजे सुकलं तेही. केव्हाच सुकलं असेल, आणि मी रोज...

नको! माझ्याकडे देऊ नकोस. परत देऊ नकोस, सावेता. माझ्या हातात आलं की पुन्हा जड होईल आणि मग मी सोडणार नाही त्याला. या लोकरीत गुंडाळ, अशी, दोनदा. गाडीत मांडीवर धर, पायाशी नको. घरी कोंडून ठेवू नका, उन्हात ठेवू नका. आणि मेणाचं—ते इलिंकाचं ती बघेल, मोठी झाली की. फुटलं तर फुटलं, तिच्या आईचं आहे. आजीनं मेणाला हात लावला नाही, एवढंच सांग तिला.

ऊठ. हॉर्न देतोय बघ तो. नाही, मिठी वगैरे नको, अंडं दबेल. माझ्याकडे काय बघतेस, पायाखाली बघ, पायरी खचलीये तिथली. जा. जा म्हणते ना! आणि दार ओढून घे, बाई, वारा येतोय आत.