चौघांनी तपासलेली खुर्ची

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर मावशी आणि भाची बसल्या होत्या, दोघी एकाच खुर्च्यांच्या कारखान्यातल्या. भाचीच्या मांडीवर लाकूड आत येण्यापासून खुर्ची बाहेर पडेपर्यंतचा नकाशा होता. कीर्तनाला लावावेत तसे मी कान लावले.

“मावशी, खुर्ची बनते चार तासांत आणि बाहेर पडते सहा दिवसांनी. त्यातले दोन दिवस तुझ्याच टेबलापाशी अडते.”

“अडते कसली? तपासते मी!”

“तुझ्याआधी तिघांनी तपासलेली असते. जिथे नुसता वेळ जातो ती जागा काढा, म्हणालेत साहेब. आजच नकाशा द्यायचाय.”

“म्हणजे मला घरी बसवणार? अंगाखांद्यावर खेळवलं, त्याचे हे पांग फेडतेस होय गं?”

“मग त्या तिघांना काढू?”

“काढ की. नाहीतरी मावशी तपासणारच आहे म्हणून ते बघतच नाहीत.”

“बरं झालं, तू तरी बघतेस.”

“मी कशाला बघू? तिघांनी तपासलेली असते ना!”

“अगं बाई! मग खुर्ची तपासतं कोण?”

“गिऱ्हाईक. बसून.”

“आता तुला नकाशात दाखवू तरी कुठे?”

“गिऱ्हाइकाच्या शेजारी दाखव. पडलंच, तर उचलायला माणूस नको?”